बेडकीचं कातडं आणि दहा दिवसांची रजा

माझे वडील माझ्याशी पाच महिने बोलले नाहीत. त्यातले चार महिने ते सांगलीकडे आणि मी दोह्यात, त्यामुळे फारसं जाणवलं नाही. मी फोन केला की ते तो शेजारच्या वहिनींच्या हातात द्यायचे आणि वहिनी मला गावभरची ख्यालीखुशाली सांगायच्या. पाचव्या महिन्यात मात्र ते महिन्याच्या व्हिजावर माझ्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या फ्लॅटमध्ये आले, माझ्याच सोफ्यावर बसले, माझ्याच हातचा चहा प्यायले आणि तरीही बोलेनात. तेव्हा कळलं की प्रकरण साधं नाही.

कारण मला माहीत होतं. आई गेली तेव्हा मला दहा दिवसांची इमर्जन्सी रजा मिळाली होती. मी अल रय्यानला एका दातांच्या दवाखान्यात फ्रंट डेस्कवर असते. फाईल उघडायची, पेशंट आत सोडायचा, फाईल बंद करायची, असं माझं काम. आखातातल्या माणसाचं सुतकसुद्धा रिटर्न तिकिटावर चालतं, हे गावाकडच्यांना समजत नाही. गुरुजींना मी पहिल्याच दिवशी विचारलं, तेराव्यापर्यंतचं सगळं माझ्या रजेत बसवता येईल का. ते म्हणाले, हल्ली बसवतात. फार समजूतदार माणूस. मग मी मोबाईलवर कामांची यादी केली. मृत्यूचा दाखला, बँक, गॅसचं कनेक्शन, बाबांना डबा लावणं आणि सगळ्यात खाली 'आईचं कपाट'.

कपाट मी चौथ्या दिवशी उरकलं. पातळं, स्वेटर, गुडघ्याचे पट्टे, चष्मा, चपला, उशी, पांघरूण. चार मोठ्या पिशव्या झाल्या. दोन धुण्याभांड्याच्या मावशींना दिल्या, दोन रिक्षात घालून वृद्धाश्रमात पाठवल्या. दुपारच्या जेवणाच्या आत कपाट मोकळं करून, पुसून, आत नवा पेपरसुद्धा घातला. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "किती गं तू धीराची." मलाही तसंच वाटत होतं. संध्याकाळी बाबांनी कपाट उघडलं, आत बघितलं आणि बंद केलं. तिथून पुढे माझ्याशी बोलणं बंद.

माफी मी मागितली नव्हती, हेही सांगून टाकते. माझं डोकं जरा तापटच आहे. मला वाटायचं, कुणीतरी कधीतरी ते करणारच होतं, मी केलं तर काय आभाळ कोसळलं? बरं, राग आहे तर भांडा की माझ्याशी. आमच्या घरात भांडणाचा कधी दुष्काळ नव्हता. पण हे गप्प बसणं म्हणजे अतीच झालं.

मग ते दोह्याला आलेच कसे? तर नातीसाठी. माझी मुलगी अकरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं इंग्लिशमध्ये. तिने व्हिडिओ कॉलवर "आजोबा, प्लीज कम ना" म्हटलं आणि स्वारी विमानात बसली. नवरा माझा समुद्रात तेलाच्या रिगवर, अठ्ठावीस दिवस तिकडे आणि अठ्ठावीस दिवस इकडे. घरात काही कठीण होणार असेल तेव्हा त्याची ड्युटी बरोबर लागते.

त्यामुळे आमचा सगळा कारभार त्या पोरीमार्फत चालला. बाबा जेवताना समोरच्या भिंतीकडे बघून म्हणायचे, "तुझ्या आईला म्हणावं, आमटीत मीठ नाही."

"मम्मा, आजोबा सेज, नो सॉल्ट."

"आजोबांना म्हणावं, बीपी कुणाला आहे?"

"आजोबा, हू हॅज बीपी?"

"म्हणावं, मेलं माणूस बिनमिठाचं, तर कसला बीपी आणि कसलं काय."

इथे मुलगी अडकायची. एकदा तिने चमचा खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, "यू बोथ स्पीक मराठी, राइट?" आम्ही दोघांनी ताटात बघितलं.

आणि गप्प तरी किती माणसांशी? माझ्या एकटीशी. बाकी त्यांची जीभ चौखूर उधळलेली. खालच्या मजल्यावर रत्नागिरीचे एक चाचा राहतात, त्यांच्याशी रोज संध्याकाळी तास तास गप्पा. परत येताना हातात तळलेली सुरमई आणि तोंडात नवीन शब्द. एका आठवड्यात अरबी शिकले, 'खलास' म्हणजे झालं आणि 'यल्ला' म्हणजे चला. स्कूल बसच्या ड्रायव्हरला त्यांच्या मूळव्याधीची हकीकत माहीत होती. मला मात्र त्यांची बीपीची गोळी संपल्याचंही मुलीकडून कळायचं. व्हिजाचे आठ दिवस उरले आणि मी दिवस मोजायला लागले. हे असेच परत गेले असते, तर पुढची रजा वर्षाने. ऐंशीला टेकलेल्या माणसाच्या बाबतीत वर्ष म्हणजे काय, ते सांगायला नको.

तेव्हा मला बेडकी आठवली.

बाबा सरकारी प्रचाराच्या गाडीवर ऑपरेटर होते. गाडीत प्रोजेक्टर, जनरेटर, दोन कर्णे आणि एक पांढरा पडदा. गावोगाव जायचं, चावडीपुढे पडदा बांधायचा आणि आधी कुटुंब नियोजन, मग औषध फवारणी, मग अल्पबचत अशा फिल्मा दाखवायच्या. हे सगळं लोक मुकाट्याने गिळायचे, कारण शेवटी बेडकी असायची. त्या काळी रशियाशी आपली मोठी दोस्ती होती आणि तिकडून कुठून कुठून फिल्मांचे डबे यायचे. त्यातच हा एक काळापांढरा, जुनापुराणा, परीकथेवरचा सिनेमा आला होता. तिथल्या एका म्हाताऱ्याला तीन मुलगे. तो त्यांना म्हणतो, बाण सोडा, ज्याचा बाण जिथे पडेल तिथली मुलगी त्याची बायको. लग्न जमवायची ही पद्धत आमच्या भागातल्या पद्धतीपेक्षा फार वाईट होती असं नाही. थोरल्या दोघांचे बाण बड्या घरांत पडतात. धाकट्याचा पडतो तळ्यात, आणि तो बाण तोंडात धरून बसलेली असते एक बेडकी. बिचाऱ्याला तिच्याशी लग्न करावं लागतं. ती बेडकी दिवसा बेडकी आणि रात्री कातडं काढून ठेवलं की सुंदर बाई. घरातलं सगळं काम तीच करणार. थोरल्या जावा नुसत्या नाकं मुरडणार.

आता हे सगळं रशियनमध्ये. आमच्या तालुक्यात रशियन कळणारी व्यक्ती एकही नव्हती, बाबा धरून. म्हणून बाबा आवाज बंद करायचे आणि माईक घेऊन पडद्याशेजारी उभे राहायचे. पडद्यावर कुणीही तोंड हलवलं की मराठी बाबांचं. म्हाताऱ्याचा त्यांनी पाटील केला होता. बेडकीचं माहेर गावागणिक बदलायचं. ज्या गावात खेळ, त्याचं ज्या गावाशी भांडण, तेच बेडकीचं माहेर. लोक हसून हसून आडवे व्हायचे. मी सात-आठ वर्षांची, प्रोजेक्टरजवळ पोत्यावर बसलेली असायचे. मला तेव्हा पक्कं वाटायचं की रशियात असंच बोलतात.

आणि बेडकी बोलायची ती आईच्या बोलीत. शब्द न् शब्द आईचा. "हो, मीच एक रिकामी बसलेय ना या घरात." "तुमचं आपलं बरंय, हात धुतले की पानावर." जवळपासच्या गावात खेळ असला की आईसुद्धा यायची आणि घरी परतताना बाबांना झाडायची, "माझी बोलणी चव्हाट्यावर मांडता, लाज नाही वाटत?" पण पुढच्या खेळाला पुन्हा यायची. पदर तोंडाला लावून हसताना मी तिला बघितलंय.

शेवटाकडे तो धाकटा शहाणा काय करतो, बायको बाहेर गेलेली बघून तिचं कातडं चुलीत घालतो. म्हणजे तिला परत बेडकी होताच येणार नाही. ती येते, बघते, काहीतरी बोलते आणि पाखरू होऊन उडून जाते. पुढचा डबा आमच्या जिल्ह्यात कधी आलाच नाही. त्यामुळे आमच्याकडे सिनेमा तिथेच संपायचा. जाताना बेडकी काय म्हणते, तर बाबांच्या माईकमधून म्हणायची, "येते हं. दूध तापत ठेवलंय, तेवढं बघा." लोक हसत हसत घरी जायचे.

हा सिनेमा मी इंटरनेटवर शोधून काढला. दोन दिवस लागले. सगळा होता, शेवटासकट, खाली इंग्लिश अक्षरं घातलेला. माझा डाव सरळ होता. माईकवाला माणूस आहे, बेडकी दिसल्यावर तोंड किती वेळ बंद ठेवेल?

शुक्रवारी जेवणं झाल्यावर मी काही न बोलता टीव्हीवर तो लावला. त्याच दिवशी हॉलचा एसी गळत होता म्हणून एक मेकॅनिक आलेला. बीडकडचा माणूस, बायकामुलं गावी, सुट्टीच्या दिवशी अशी कामं करायचा. तो शिडीवर, मुलगी तिच्या खोलीत कानाला हेडफोन लावून, मी स्वयंपाकघरात भांडी घासत. बाबांनी पडद्याकडे बघितलं. ओळखलं, ते मला त्यांच्या मानेवरून कळलं. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि त्यात बघत बसले. मी मनात म्हटलं, घ्या. गेले माझे दोन दिवस पाण्यात.

तळं आलं. बेडकी आली. तिने तोंड हलवलं.

शिडीवरून आवाज आला, "काका, काय म्हणायली हो ती?"

बाबांनी फोनवरून मान वर केली. मेकॅनिकने स्क्रू ड्रायव्हर खाली केला. "न्हाई, बेडूक बोलायलंय म्हणून इचारलं."

बाबांनी फोन उपडा ठेवला. म्हणाले, "म्हणते, तो बाण उचला आधी. आत्ताच अंगण झाडलंय मी."

माझ्या हातात कढई होती. ती तशीच राहिली. तो आवाज बाबांचाच होता, पण ते बोलणं आईचं होतं, आणि पाच महिन्यांत ते मी ऐकलं नव्हतं.

मग काय, गाडी सुटली. पाटील आले, जावा आल्या, जावांची नाकं आली. मेकॅनिक एवढा हसायला लागला की मी ओरडले, आधी खाली उतरा, शिडी हलतेय. तो उतरला तो सोफ्याच्या कडेलाच टेकला. मुलगी हेडफोन काढून बाहेर आली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "आजोबा, दॅट्स नॉट व्हॉट इट सेज." ती खालची अक्षरं वाचत होती. बाबा म्हणाले, "तुझ्या अक्षरांना काय कळतंय? ती आपल्याकडची बाई आहे." बेडकीने एका रात्रीत सासऱ्यासाठी भाकरी भाजली, तेव्हा बाबांनी तिच्या तोंडी असं काही घातलं की मुलगी पोट धरून जमिनीवर बसली. ते इथे लिहिण्यासारखं नाही. आईने ते फक्त आत्यांबद्दल म्हटलेलं होतं.

मी हॉलमध्ये गेले नाही. स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिले, ओल्या हातांनी. मी आत पाऊल टाकलं आणि ते थांबले तर, अशी भीती वाटत होती. खरं सांगायचं तर मी वाट बघत होते. एखादा शब्द माझ्याकडे फेकतील म्हणून. "काय गं, आठवतं का?" एवढं जरी म्हणाले असते तरी मी धावत गेले असते. पण ते मेकॅनिककडे बघत होते, नातीकडे बघत होते, पडद्याकडे बघत होते. मी पाच फुटांवर उभी आणि माझ्याकडे मान वळत नव्हती.

एसी दुरुस्त झाला, चहा झाला आणि मेकॅनिकचा फोन वाजला. "यल्ला काका, अल दुहैलला जायचंय, तिथं बी गळायलंय. म्होरं काय होतं तेवढं सांगा."

"तो तिचं कातडं जाळतो," बाबा म्हणाले.

"येडंच हाय की." असं म्हणून तो शिडी घेऊन गेला.

आणि ते आलंच. चूल, कातडं, धूर. बेडकीची बाई दारातून आत आली, तिने बघितलं आणि तिने तोंड हलवलं. बाबांनी घसा साफ केला. "येते हं. दूध..."

"नो, आजोबा." मुलीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. तीन आठवडे आमचे निरोप ऐकून मराठी शब्द तिच्या तोंडात बसले होते, त्यामुळे ती आपोआप मराठीत आली. मोडकं तोडकं, थांबत थांबत. "ती असं नाही म्हणत. ती म्हणते, तू थोडे दिवस थांबला असता ना, तर मी तुझीच राहिली असती. का घाई केला. आता मला जावं लागते."

बाबांनी विचारलं, "असं म्हणते ती?"

"हो. इथे लिहिलंय."

"बंद कर जरा ते."

तिने चित्र थांबवलं. पडद्यावर ती बाई तोंड अर्धं उघडं ठेवून उभी राहिली. आणि माझं डोकं फिरलं. सगळ्या जगाशी बोलून झालं, बेडकीच्या तोंडूनसुद्धा, आणि आता हे वाक्य माझ्यासाठी असल्यासारखे गप्प.

मी तिथूनच म्हटलं, "मलाच म्हणायचंय ना ते? मग म्हणा. का घाई केली. मला दहा दिवसांची रजा होती, बाबा. दोन दिवस प्रवासात गेले. मी निघून गेल्यावर तुम्ही एकटे ते कपाट उघडून बसला असता, ते मला इथे डेस्कवर बसून सहन झालं नसतं. म्हणून उरकलं. मला रडायलासुद्धा वेळ नव्हता, ते मी विमानात केलं. आणि तुम्हाला विचारलं नाही, ते चुकलं. चुकलं माझं."

मुलीने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. हळूच विचारलं, "मम्मा, शुड आय टेल हिम?"

"ऐकलंय मी," बाबा म्हणाले. आणि मग मान वळवून, थेट माझ्याकडे बघून, "चुकलंच तुझं."

पाच महिन्यांनी आलेले शब्द आणि काय आले बघा. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. म्हटलं, आता भांडतील, आता सगळं बाहेर पडेल. मी हात पुसले आणि समोर जाऊन बसले.

"पण मी दारात होतो," ते म्हणाले.

"कुठल्या दारात?"

"त्या खोलीच्या. तू पिशव्या भरत होतीस, तेव्हा. तुझी पाठ होती माझ्याकडे."

"तुम्ही बाहेर होता. माणसं भेटायला आली होती."

"दारात होतो. पहिली पिशवी भरलीस तेव्हापासून. एक पातळ होतं तिचं, ते तू घडी घालून वर ठेवलंस. मला म्हणायचं होतं, ते राहू दे. एवढंच. तीन शब्द. तोंडच उघडेना. तू पिशवीला गाठ मारलीस, तरी उघडेना. रिक्षा गेली, मी तिथंच." त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसला. "जिल्ह्यातलं गाव सोडलं नाही मी बोलायचं. तिच्या जिवावर हसवलं लोकांना. आणि तिच्यासाठी तीन शब्द निघाले नाहीत माझ्या तोंडातून."

"मग माझ्यावर राग..."

"राग कुठला आलाय. तुझ्याशी बोलायला तोंड उघडलं असतं, तर पहिलं हेच सांगावं लागलं असतं."

मी सॉरी म्हटलं, आणि त्यांनी मान हलवली. 'जाऊ दे' म्हणाले नाहीत. मी आठवायचा प्रयत्न करत होते, पहिल्या पिशवीत सगळ्यात वर काय ठेवलं होतं. मीच घडी घातली होती, माझ्याच हातांनी. काही आठवेना. रंगसुद्धा नाही.

शेवटी मी विचारलं, "कुठलं होतं ते, बाबा?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. कुठल्या दुकानातलं, तिने किती दुकानं पालथी घातली, दुकानदाराला काय बोलली, काठ कसा, पदरावर काय, पहिल्या धुण्यात रंग कसा गेला आणि त्यावरून ती त्यांना काय काय म्हणाली. मी आणि मुलगी ऐकत होतो.